शेवंतीचे पुंजके

शेवंतीचा हंगाम सुरू झाला की मी बाजारात जायचा रस्ता बदलते. पिंप्राळ्यातून निघाल्यावर फुलांच्या गाड्या जिथे लागतात तो चौक टाळते आणि आतल्या गल्लीनं, पिठाच्या गिरणीवरून जाते. घरात कुणाच्या हे लक्षात आलेलं नाही. कुणी विचारलंच तर सांगण्यासारखं काही नाही. पण दिवाळी सरते, रात्रीचा पंखा बंद होतो, सकाळी उन्हात पाठ देऊन बसावंसं वाटू लागतं आणि कुठून तरी तो वास येतो. गोड नसतोच तो. थोडा कडवट, थोडा ओल्या मातीचा, पान चुरगळल्यावर बोटांना राहतो तसा. तो आला की मी धुळ्याला, देवपुरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या अंगणात जाऊन उभी राहते. तिथे अजून ऐंशीच्या दशकातला तोच एक हिवाळा चालू असतो.

यंदा रस्ता बदलूनही उपयोग झाला नाही. कुंड्यांची गाडी दारावरच आली. समोरच्या सूनबाईंनी पिवळ्या शेवंतीची एक कुंडी घेतली आणि कठड्यावर नेऊन ठेवली. भरगच्च फुललेली, चांगली होती. तरी माझी नजर पुन्हा पुन्हा तिच्याकडे जात राहिली. ती एकटी होती. एकट्या ठेवलेल्या कुंडीकडे मला फार वेळ बघवत नाही.

क्वार्टर दोन खोल्यांचं होतं, पण अंगण मोठं होतं. गेटपासून पायरीपर्यंत शहाबादी फरशीची वाट. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, पाटबंधारे खात्यात सर्वेक्षणाच्या कामावर होते. कालव्याची रेघ, बांधाची रेघ, पाणी कुठून कुठवर येईल त्याची रेघ, असं त्यांचं आयुष्य रेघा आखण्यात चाललेलं. घरातही तेच. आमच्या कुंड्या वाटेच्या दोन्ही बाजूंना सुतळी ताणून लावलेल्या होत्या, दोन कुंड्यांमधलं अंतर सारखं. एक गुलाब, एक अबोली, एक शेवंती, एक क्रोटन, मग पुन्हा एक गुलाब. कुणी आलं की नाना ती ओळ कौतुकानं दाखवायचे.

अक्काला ती ओळ आवडायची नाही. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण सुजाता. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकत होती, आणि कॉलेजच्या सहलीत नाशिकला कुठल्या तरी बंगल्याची बाग बघून आल्यापासून तिनं नानांच्या मागे लकडा लावला होता. झाडं अशी एकेक करून लावायची नसतात, असं तिचं म्हणणं. एका जातीची तीन किंवा पाच एकत्र ठेवायची. चार ठेवली की डोळा लगेच दोन-दोनच्या जोड्या लावतो आणि पुढे सरकतो. उंच मागे, बुटकी पुढे. एक रंग एका जागी भरपूर, म्हणजे लांबून येणाऱ्याची नजर तिथे थांबते. ती हे जेवताना सांगायची, भाकरीचे तुकडे ताटात मांडून दाखवायची. आई हसायची. नाना म्हणायचे, ओळीत पाणी घालायला सोपं पडतं, झाडायला जागा राहते.

"नाना, ही झाडं हजेरीला उभी केल्यासारखी दिसतात," ती एकदा म्हणाली. "जवळ जवळ ठेवून तर बघा. आपसात बोलल्यासारखी वाटतील."

नाना म्हणाले, बघू हिवाळ्यात.

तेवढ्या शब्दावर तिनं आषाढात शेवंतीची लागण केली. जुन्या झाडांचे फुटवे काढून, होत्या नव्हत्या त्या कुंड्यांत आणि तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावले. पांढरी, पिवळी आणि थोडी जांभळी. श्रावणात रोपं वीतभर झाली तेव्हा ती सकाळी उठून त्यांचे शेंडे खुडत बसायची. मला वाईट वाटायचं. ती म्हणायची, आत्ता खुडलं की झाड रुंद होतं, फुलं दुप्पट येतात. नखांत हिरवं घेऊनच ती कॉलेजला जायची.

भाद्रपदात तिला ताप आला. मग डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ आहे, पथ्य पाळा, उतरेल, असं सगळे म्हणाले, आणि बहुतेकांची उतरतेच. उसाचा रस, उकडलेले बटाटे, फुटाणे, सगळं चाललं होतं. नाना त्या दिवसांत सातपुड्याच्या पायथ्याला कॅम्पवर होते. त्यांना निरोप गेला, पण पाऊस होता, नाल्यांना पूर होते, आणि निरोप माणसाच्या तोंडून माणसाच्या तोंडी असा जायचा. नाना दुसऱ्या दिवशी सकाळी खात्याच्या जीपमधून आले. अक्का आदल्या संध्याकाळीच दवाखान्यात वारली होती. मी त्या वेळी आतल्या खोलीत होते. अंगणात काय झालं ते मी पाहिलं नाही, फक्त जीपचं इंजिन बंद झाल्याचं ऐकलं. नंतर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

पुण्यानुमोदनाचा, गेलेल्या माणसासाठीच्या वंदनेचा दिवस झाला, पाहुणे गेले, पांढरी लुगडी धुऊन दोरीवर पडली, आणि मग घरात एक नवी गोष्ट माझ्या लक्षात आली. आई नानांशी बोलत नव्हती. भांडण नव्हतं. ती त्यांचा डबा भरायची, कपडे काढून ठेवायची, आंघोळीचं पाणी तापवायची. फक्त शब्द नव्हता. सांगायचं असेल ते माझ्यामार्फत. नानांना सांग, वाढलंय. नानांना विचार, रॉकेल आणायचंय का. नाना समोरच बसलेले असायचे. मी तिचं वाक्य उचलून त्यांच्यापुढे ठेवायची, त्यांचं उत्तर उचलून तिच्यापुढे. माझं दहावीचं वर्ष होतं. पुस्तक उघडं आणि कान त्या दोन खोल्यांच्या मधल्या दाराकडे, असा माझा अभ्यास चालायचा.

अंगणात मात्र शेवंती वाढत होती. तिला काही कळवलेलं नव्हतं. खुडलेल्या शेंड्यांखालून फांद्या फुटल्या होत्या, झाडं रुंद झाली होती, अगदी अक्का म्हणाली होती तशी. नाना सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचे. दिवाळी झाली, आमच्याकडे ती नुसती निघून गेली, आणि कळ्या दिसायला लागल्या. हिरव्या, वाटाण्याएवढ्या, घट्ट मिटलेल्या.

एका रविवारी सकाळी नाना झारी घेऊन ओळीच्या शेवटाला पोचले होते. आई घरातून बाहेर आली. इतक्या दिवसांत ती अंगणात उतरली नव्हती, दार लावून घ्यायलाही मलाच पाठवायची. ती पायऱ्या उतरली, फरशीवरून चालत गेटपर्यंत गेली, तिथून वळून घराकडे बघत उभी राहिली. माहेर पाचोऱ्याकडचं, त्यामुळे शहरात इतकी वर्षं राहूनही घाईत किंवा दुःखात तिच्या तोंडी गावचीच बोली यायची.

"ती कुंडी तठे ठेवा," ती म्हणाली.

नानांनी झारी खाली ठेवली. कुठली कुंडी, तिकडे म्हणजे कुठे, काही विचारलं नाही. जवळची पांढऱ्या शेवंतीची कुंडी उचलली आणि तिनं हात दाखवला त्या भिंतीजवळ नेऊन ठेवली. आईनं मान हलवली. थोडी डावीकडे. मग दुसरी कुंडी. मग तिसरी. वर्षानुवर्षं ताणलेली ती ओळ मध्येच तुटली, आणि कुंड्यांच्या बुडाखालचे ओले गोल डाग फरशीच्या कडेला तसेच राहिले.

त्या दिवसापासून हे रोजचं झालं. नाना ऑफिसातून येत, सायकल लावत, चहा घेत आणि बाहेर येऊन उभे राहत. आई गेटपाशी जायची. ती सांगायची, ते उचलायचे. ही मागे घ्या. आठे नही, तठे. तिच्या खाली वीट घाला. नानांनी कुठून तरी जुन्या विटा आणल्या आणि मागच्या रांगेला उंची दिली. एकदा केलेलं दुसऱ्या दिवशी बदलायचं, तेही पुन्हा बदलायचं. अक्कानं ताटात मांडून दाखवलेलं आईच्या मनात कुठवर राहिलं होतं कोण जाणे. ती जणू कुणीतरी सांगितलेलं नीट आठवण्याचा प्रयत्न करत होती, आणि आठवत नव्हतं म्हणून नानांना पुन्हा उचलायला लावत होती.

पांढरी फुलं उमलायला लागली तेव्हा एक घोळ लक्षात आला. मागची भिंत चुन्याची, पांढरी. पांढऱ्यापुढे पांढरं, त्यामुळे लांबून काहीच दिसेना. इतकी फुलं असून भिंत नुसती थोडी खडबडीत झाल्यासारखी वाटायची. आई गेटपाशी उभी राहिली, बराच वेळ, आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, संपलं, आता ती आत जाईल आणि पुन्हा बाहेर यायची नाही. नाना तिच्याकडे बघत होते. मग ते न सांगता न्हाणीच्या मागे गेले. तिथे सांडपाण्यावर तांबड्या पानांची कर्दळ माजली होती. त्यांनी ती मुळासकट खणली, मोठ्या डब्यांत भरली आणि एकेक डबा पोटाशी धरून, पाय फाकवत, पुढे आणून पांढऱ्या शेवंतीच्या मागे ठेवला. कर्दळीची ती काळपट तांबडी पानं मागे आल्याबरोबर फुलं पुढे आली. दिवा लावल्यासारखी दिसायला लागली. आईनं नानांकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिनं त्यांच्याकडे पाहिलं होतं.

नानांची पाठ त्याच हिवाळ्यात धरली. ओल्या मातीची कुंडी काही हलकी नसते. रात्री ते पालथे पडून राहायचे आणि मी तेल चोळून द्यायची. त्यांना मी म्हणाले की निदान एक दिवस नको म्हणा. शेजारच्या काकांनी, जे नानांच्याच ऑफिसात होते, एकदा कुंपणापाशी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की वहिनींचं हे काही बरं लक्षण नाही, रोज त्याच कुंड्या इकडच्या तिकडे, लोक बघतात, नाशिकला नेऊन एखाद्या डॉक्टरला दाखवा. मी खिडकीत होते.

नाना हळू आवाजात म्हणाले, "ती बोलतेय माझ्याशी. एवढं चालू राहू द्या."

मार्गशीर्षात सगळी शेवंती एकदम भरली. मागे कर्दळीचा अंधार, त्यापुढे पांढऱ्याचा मोठा पुंजका, त्याच्या एका बाजूनं पिवळ्याचा उतार थेट फरशीपर्यंत आलेला, आणि पांढरं-पिवळं जिथे भेटत होतं तिथे थोडी जांभळी, बोट दाखवून सांगावी लागेल इतकीच. पलीकडे मोकळी जमीन सोडलेली. तिथे आईनं काहीच ठेवू दिलं नव्हतं. नजर आधी पांढऱ्यावर जायची, तिथून घसरत पिवळ्यावर, आणि मग त्या रिकाम्या मातीवर येऊन थांबायची. रस्त्यानं जाणारे सायकलवरून उतरायचे. शाळेच्या बाई आपल्या वर्गाला घेऊन आल्या होत्या. विहारातली मंडळी वंदनेसाठी थोडी पांढरी फुलं मागायला आली, तर आईनं हात जोडले आणि नाही म्हणाली. नाना त्यांच्यासोबत बाजारात गेले, हार विकत घेऊन दिला, आणि परत येऊन अंगणात उभे राहिले.

इतकं सुंदर अंगण मी पुन्हा कुठे पाहिलं नाही. आणि त्या अंगणात आम्ही तिघं इतके उदास होतो की त्या सुंदरपणाचं काय करावं ते आम्हाला समजत नव्हतं. लोक म्हणतात फुलांनी मन हलकं होतं. आमचं झालं नाही. संध्याकाळी ऊन तिरपं व्हायचं, पांढरी फुलं आधी पिवळसर आणि मग राखाडी व्हायची, आणि आई-नाना गेटपाशी, मध्ये हातभर अंतर ठेवून, ती मावळणारी फुलं बघत उभे असायचे. कुणी कुणाला "छान झालं" असं म्हटलं नाही. ज्या मुलीनं म्हणायचं ती नव्हती.

शेवंती गळून पडत नाही, झाडावरच वाळते. पौष संपता संपता कडा तपकिरी झाल्या, मग सगळंच तपकिरी झालं. आईनं एकही फूल खुडू दिलं नाही. आता हलवायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे संध्याकाळी कुणी बाहेर येत नव्हतं. वाळलेले पुंजके वाऱ्यात कागदासारखे वाजायचे आणि मी त्या आवाजात भूमितीची प्रमेयं पाठ करायची. माझी परीक्षा झाली त्या दिवशी नानांनी घरी येऊन कात्री घेतली आणि सगळी झाडं बुडापासून कापली. मी घाबरून आईकडे पाहिलं. ती दारात उभी होती. काम संपल्यावर ती म्हणाली, "हात धुऊन घ्या. चहा ठेवते."

ते वाक्य तिनं माझ्याकडे न देता थेट त्यांना दिलं होतं. नाना हातात कात्री घेऊन तसेच उभे राहिले.

उन्हाळ्यात धुळ्याला नळाला पाणी दिवसाआड, मग कधी तरी येऊ लागलं. प्यायलाच पुरत नव्हतं. कापलेल्या झाडांच्या बुडाशी फुटवे आले होते, ते मेमध्ये करपून गेले. आईनं ते पाहिलं. त्यानंतर ती नानांशी बोलत राहिली. भाजी, किराणा, माझं कॉलेज, पाहुण्यांची लग्नं, सगळं बोलायची. आवाज सारखा, चढ नाही, उतार नाही. अक्काचं नाव दोघांनीही एकमेकांसमोर घेतलं नाही. पुढे जळगावला बदली झाली, पिंप्राळ्यात हे लहानसं घर बांधलं. अंगणात नानांनी कोरफड, अडुळसा आणि कढीपत्ता लावला. शेवंती लावली नाही. त्यांची पाठ कधीच पूर्ण बरी झाली नाही, कमरेला पट्टा बांधूनच ते निवृत्त झाले.

माझं लग्न ठरलं तेव्हा एकदा मी आणि नाना जामनेरला पत्रिका द्यायला निघालो होतो. एस.टी.त खिडकीशी बसून नाना बाहेरच्या केळीच्या बागा बघत होते. मध्येच म्हणाले, मी काही विचारलं नसताना, "तुझ्या आईनं मला माफ केलेलं नाही. तिचं बरोबर आहे. मी तिथे असायला हवं होतं." मी म्हणाले, तसं काही नसेल. ते म्हणाले, "तेव्हा ती बोललीच नाही ना माझ्याशी."

नव्वदीचं दशक संपता संपता नाना गेले. हृदयविकार, झोपेत. आई रडली, पण फार नाही. त्या हिवाळ्यात तिला सोबत म्हणून मी इथे येऊन राहिले होते. दुपारी ओट्यावर उन्हात बसून आम्ही तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतो. इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं ते माझ्या तोंडून सहज गेलं. म्हटलं, आई, धुळ्याला तू नानांवर इतकी रागावली होतीस, ते उशिरा आले म्हणून ना?

तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी भलत्याच कुणाबद्दल विचारलंय.

"मी रागमा नव्हती," ती म्हणाली. "मी कशाला रागावू त्यांच्यावर?"

मग तिनं सांगितलं. त्या सकाळी अंगण माणसांनी भरलं होतं. जीप आली, नाना उतरले, तर सगळे बाजूला सरकले आणि माना खाली घालून उभे राहिले. एवढी माणसं, पण कुणी तोंड उघडलं नाही. नानांना फक्त पोरीला बरं नाही एवढाच निरोप मिळाला होता. ते सरळ आईपाशी आले आणि त्यांनी विचारलं, ताप उतरला का. चेहरा आशेचा होता, आई म्हणाली. वाटेत त्यांनी अक्कासाठी डोंगरातला मध घेतला होता, बाटली हातातच होती.

"मलाच सांगावं लागलं," ती म्हणाली. "मी सांगितलं, आणि त्यांचं तोंड कसं झालं ते मी एकटीनं पाहिलं. मग माझ्या त्याच तोंडानं त्यांना चहा घ्या, जेवून घ्या, असं कसं म्हणू? मी काही बोलायला गेले की वाटायचं, आता पुन्हा तेच बाहेर पडेल. म्हणून कुंड्यांचं बोलले. कुंड्यांचं बोललं तर काही मरत नव्हतं."

मी विचारलं, नानांना हे कधी सांगितलंस का.

तिनं एक शेंग उचलली, फोडली, दाणे परातीत पाडले.

"त्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "नाहीतर माणूस एवढं ओझं काही न विचारता रोज कशाला उचलेल?"

ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं होतं. एस.टी.तलं नानांचं ते बोलणं माझ्या जिभेवर आलं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो शांत होता, पुष्कळ दिवसांनी शांत. मी परात जवळ ओढली आणि उरलेल्या शेंगा सोलायला घेतल्या. त्यानंतर ती बरीच वर्षं होती, आणि मी तिला ते सांगितलं नाही.